0.1 + 0.2 बरोबर 0.3 का येत नाही, आणि आकड्यांचा नियम बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं

एआयच्या बातम्यांमधे हल्ली एफपी8, एफपी4, बीएफ16 असले शब्द सारखे दिसतात. अमुक चिप एफपी4 मधे आधीच्या चिपपेक्षा कितीतरी पट फास्ट, असं छापून येतं आणि त्यातलं एफपी म्हणजे काय ते कोणी सांगतच नाही. केंद्र सरकारनं मार्च 2024 मधे इंडियाएआय मिशनला 10 हजार कोटींच्या वर पैसे मंजूर केले, त्यातला मोठा वाटा असल्याच चिपांच्या कॉम्प्युटरवर जाणार, म्हणजे विषय आपल्या खिशातला आहे. मी सोलापुरात टॉवेल-चादरीवाल्यांना बिलिंगची सॉफ्टवेअर बनवून देते, आणि माझ्याकडं हाच विषय दुसऱ्या दारानं येतो, "मॅडम, टोटलमधे एक पैसा जास्त दाखवतंय, कुठनं आला?" म्हणून. दोन्हीचं मूळ एकच आहे, अपूर्णांक कुठंतरी थांबवून जवळचा आकडा धरणं. एफपी म्हणजे फ्लोटिंग पॉईंट, कॉम्प्युटर अपूर्णांक ज्या पद्धतीनं साठवतो ती पद्धत. त्याला जगभरात एक लिखित नियम आहे, तो आजवर दोनदा बदलून नव्यानं निघालाय, आणि तरी तुमचं जुनं बिल आजही तीच टोटल दाखवतं. हे जमलं कसं, ते सांगायचंय.

आधी मूळ दुखणं बघू: 0.1

घरी कॉम्प्युटरवर पायथॉन (प्रोग्रॅम लिहायची एक भाषा) असेल तर उघडा आणि 0.1 + 0.2 टाईप करा. उत्तर येतं 0.30000000000000004. ब्राउझरमधे जावास्क्रिप्टला विचारलं तरी तेच. एक्सेलमधे 0.3 च दिसेल, कारण एक्सेल 15 आकड्यांच्या पुढचं दाखवतच नाही, पण तिथं =1*(0.5-0.4-0.1) लिहून बघा, शून्याच्या जागी उणे 0.0000000000000000278 एवढं काहीतरी येतं.

ह्यात व्हायरस नाही, कॉम्प्युटर बिघडलेला नाही. कॉम्प्युटर बायनरीत मोजतो, म्हणजे त्याच्याकडं फक्त 0 आणि 1. त्याला अपूर्णांक बनवायला तुकडे मिळतात ते अर्ध्याचे अर्धे असेच, 0.5, 0.25, 0.125, 0.0625, पुढं असंच. 0.75 पाहिजे? 0.5 आणि 0.25 जोडले, झालं, एकदम करेक्ट. आता 0.1 जोडून बघा. 0.0625 घेतलं, त्यात 0.03125 घातलं, 0.09375 झालं. पुढचे दोन तुकडे घेतले की मोठे होतात म्हणून ते सोडायचे, त्याच्या पुढचा 0.00390625 घातला, 0.09765625 झालं, अजून एक घातला, 0.099609375. जवळ जवळ जातं पण 0.1 ला कधी टेकत नाही, जसं आपण 1 भागिले 3 केलं की 0.3333 लिहीतच बसतो. मग कुठंतरी थांबावं लागतं आणि जवळचा आकडा धरावा लागतो, ह्याला राउंडिंग म्हणतात. 64 बिटमधे (बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा) 0.1 म्हणून जे साठतं ते असतं 0.1000000000000000055 च्या आसपास. 0.2 पण असंच थोडं जास्त. 0.3 मात्र साठताना थोडं कमी साठतं. म्हणून जास्त अधिक जास्त, बरोबर कमी, हे काही जुळत नाही.

हिशेबवाल्यांसाठी ह्याचा अर्थ असा की एका रुपयातल्या 100 पैशांपैकी फक्त 4 किंमती बायनरीत तंतोतंत बसतात, .00, .25, .50 आणि .75. बाकी 96 सगळ्या जवळपासच्या. मी हे शिकाऊ पोरांना सांगते तेव्हा त्यांना पटत नाही, मग मी वहीत मांडून दाखवते.

'फ्लोटिंग' आहे म्हणजे काय

मार्केट यार्डात कांद्याची गाडी ज्या काट्यावर चढते तो काटा 5-10 किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो, आणि सराफाचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. गाडीच्या काट्यावर अंगठी ठेवली तर शून्यच दिसणार. फ्लोटिंग पॉईंट म्हणजे असा एकच काटा की वजन वाढेल तसा त्याचा टप्पा आपोआप मोठा होतो आणि वजन कमी झालं की टप्पा बारीक होतो. एकूण किती आकडे खात्रीचे, ते मात्र ठरलेलं. 32 बिटचा प्रकार साधारण 7 आकडे नीट सांभाळतो, 64 बिटचा 15 ते 16. आतमधे तीन कप्पे असतात, 32 बिटमधे 1 बिट अधिक-उण्याला, 8 बिट टप्पा कुठं आहे त्याला आणि 23 बिट प्रत्यक्ष आकड्यांना. 64 बिटमधे हेच 1, 11 आणि 52.

हे किती खरं आहे ते रुपयात बघा. 32 बिटमधे रक्कम 1,31,072 रुपयांच्या पुढं गेली की टप्पा दीड पैशाच्या वर जातो, म्हणजे प्रत्येक पैसा वेगळा राहूच शकत नाही. आणि 1,67,77,216 रुपयांमधे 1 रुपया मिळवला की उत्तर 1,67,77,216 च येतं, तो रुपया गेला. मोठ्या लूमवाल्याची उलाढाल एवढी सहज असते. म्हणून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे 32 बिट वापरलेला दिसला की मी काम थांबवून आधी तेवढं बदलायला लावते, पुढचं सगळं नंतर.

1985 च्या आधी ज्याचा त्याचा काटा

आज कुठल्याही मोबाईलवर, लॅपटॉपवर 0.1 + 0.2 चं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखंच चुकतं, आणि हे 'सारखंच चुकणं' ही फार मोठी कमाई आहे. पूर्वी असं नव्हतं. आयबीएमनं 1964 मधे सिस्टिम/360 आणलं त्यात आकडे 2 च्या पटीत न ठेवता 16 च्या पटीत ठेवायचे, त्यामुळं काही आकडे 24 बिट अचूक तर काही जेमतेम 21. डेक कंपनीच्या व्हॅक्स मशीनची मांडणी तिसरीच. कंट्रोल डेटा कंपनीच्या काही मशीनवर तर असे आकडे असायचे की तुलना केली तर शून्य नाहीत, पण 1.0 नं गुणलं की शून्य होतात! त्यामुळं प्रोग्रॅम लिहिणारे भागाकाराच्या आधी उगाच 1.0 नं गुणून खात्री करून घ्यायचे.

म्हणजे एका मशीनवर बरोबर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला की उत्तर बदलायचं, आणि कोणतं खरं हे सांगणारं कोणी नाही.

भांडण झालं ते एका फार लहान आकड्यावरनं

ह्यातनं वाट काढण्यात सगळ्यात पुढं होते विल्यम कहान, बर्कलीचे गणिताचे प्राध्यापक. 1976 मधे इंटेलनं त्यांना आपल्या चिपसाठी सल्लागार म्हणून घेतलं. 1977 मधे आयईईई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या छत्राखाली सगळ्या कंपन्यांची समिती बसायला लागली, तिचा नंबर 754, म्हणून नियमाचं नाव आयईईई 754. कहान, त्यांचा विद्यार्थी जेरोम कूनन आणि हॅरोल्ड स्टोन ह्या तिघांनी मसुदा मांडला. त्यावर डेक अडून बसली, आणि अडण्याचं कारण मला वाटतं शाळेत शिकवावं इतकं सुंदर आहे.

प्रश्न असा. काट्याचा टप्पा बारीक बारीक होत जातो, पण तो अनंत बारीक होऊ शकत नाही. 32 बिटमधे साधारण दशांश चिन्हाच्या पुढं 37 शून्यं आणि मग 118, एवढ्या लहान आकड्यावर येऊन नेहमीची पद्धत संपते. त्याच्या खाली काय करायचं? डेकचं म्हणणं, सरळ शून्य धरा, मशीन स्वस्त आणि फास्ट. कहान म्हणाले नाही, तिथून खाली अचूकपणा हळूहळू कमी करत न्या पण आकडा जिवंत ठेवा.

एवढ्या लहान आकड्याचं कोणाला काय पडलंय, असं वाटेल. पण बघा, क आणि ख असे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही त्या शेवटाच्या जवळचे. डेकच्या पद्धतीत क वजा ख शून्य येऊ शकतं, दोन्ही वेगळे असून! मग प्रोग्रॅममधे लिहिलंय की 'क आणि ख वेगळे असतील तर त्यांच्या फरकानं भागा', प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सगळी काळजी घेतलीय, तरी मशीन शून्यानं भागायला जातं आणि बंद पडतं. कहानच्या पद्धतीत दोन आकडे वेगळे असतील तर त्यांची वजाबाकी शून्य येऊच शकत नाही. चौथीतल्या पोराला जे गृहीत असतं ते मशीननं पाळावं, एवढंच ते मागत होते.

डेकनं ह्या पद्धतीचा अभ्यास करायला मेरिलँड विद्यापीठाचे जी. डब्ल्यू. स्टुअर्ट ह्यांना नेमलं. कंपनीला वाटत होतं ते आपल्या बाजूनं सांगतील. 1981 मधे त्यांनी येऊन सांगितलं की कहानची पद्धतच बरोबर आहे. इकडं इंटेलनं 1980 मधेच 8087 ही चिप बाजारात आणली होती, मसुद्याच्या धर्तीवरच. म्हणजे नियम कागदावर पक्का व्हायच्या आधीच चिपा विकल्या जात होत्या, आणि 1985 मधे आयईईई 754 अधिकृत झाला तोवर बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच वाटेवर आल्या होत्या. कहानना 1989 चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान, मिळालं ते कॉम्प्युटरवरच्या आकडेमोडीच्या अशाच मूलभूत कामासाठी.

मग चांगला चाललेला नियम बदलतात कशाला?

पहिलं कारण साधं आहे, आयईईईच्या नियमांना मुदत असते, साधारण 10 वर्षांनी ते परत तपासून नवे करावे लागतात नाहीतर ते चालू यादीतनं जातात. दुसरं कारण, जगात नवी कामं येतात. 1987 मधे 854 नावाचा एक वेगळा नियम आला, 2 च्या पटीत असो की 10 च्या, दोन्हीला लागू होणारा. 2008 मधे 754 आणि 854 एकत्र करून नवीन 754 निघाला, त्याच्यावर काम चालू होतं साधारण 7 वर्षं. त्यात 16 बिटचा छोटा प्रकार आला, 128 बिटचा मोठा आला, दशांशाचे प्रकार आले (ते पुढं सांगते), आणि गुणाकार-बेरीज एका दमात करून एकदाच राउंड करायची क्रिया आली. ही क्रिया आयबीएमच्या चिपांत 1990 पासून होती, नियमात यायला 18 वर्षं गेली. बहुतेक वेळा असंच होतं, आधी कोणीतरी करून बघतं, मग समिती ते लिहून घेते.

2019 मधे परत नवा आला. हा मुख्यतः दुरुस्तीचा होता, पण त्यातली एक दुरुस्ती दाखवण्यासारखी आहे. 754 मधे एक खास किंमत असते, नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. शून्य भागिले शून्य केलं की नॅन येतो. त्याचे दोन प्रकार, एक शांत, जो गुपचूप हिशेबात पुढं जातो, आणि एक ओरडणारा, जो हात लागला की इशारा देतो आणि मग शांत होतो. 2008 च्या नियमात दोघांतला मोठा आकडा निवडायची क्रिया अशी लिहिली की एक बाजू शांत नॅन असेल तर दुसरा आकडा द्या, पण ओरडणारा असेल तर उत्तर शांत नॅन द्या. वाचायला ठीक वाटतं. आता 1, ओरडणारा नॅन आणि 2 ह्या तिघांतला मोठा काढा. डावीकडनं चला, 1 आणि ओरडणारा, उत्तर शांत नॅन, मग शांत नॅन आणि 2, उत्तर 2. आता उजवीकडनं, ओरडणारा आणि 2, उत्तर शांत नॅन, मग 1 आणि शांत नॅन, उत्तर 1. तेच तीन, आणि मोठा आकडा कधी 2 तर कधी 1! आजकाल मोठी यादी तुकडे करून एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजतात, कुठला तुकडा आधी येईल त्याचा भरवसा नसतो, तिथं हे चालणार कसं. म्हणून 2019 मधे ती क्रिया काढूनच टाकली आणि दोन नव्या दिल्या, एक जी नॅन दिसला की नॅनच देते, दुसरी जी नॅनला सोडून आकडा देते. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही निवडा, पण क्रमावरनं उत्तर बदलणार नाही.

इतक्या शहाण्या लोकांनी इतकी वर्षं बसून लिहिलेल्या नियमात अशी चूक राहते आणि ती 11 वर्षांनी उघडपणे मागं घेतली जाते, हे मला त्या नियमावर विश्वास ठेवायचं सगळ्यात मोठं कारण वाटतं.

जुना नियम गेला म्हणजे जुनी उत्तरं चुकली का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. परत काट्याकडंच या. आपल्याकडं वजन-मापाचा कायदा 1956 चा होता, मग 1976 चा आला, मग 2009 चा वैध मापन कायदा आला. तीन कायदे झाले पण किलो तोच राहिला. 2019 मधे तर खुद्द किलोची व्याख्याच जगभरात बदलली, पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्याऐवजी निसर्गातल्या एका स्थिरांकावर आणली, आणि सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला वजनं बदलावी लागली नाहीत. 754 चं तसंच. 1985 चा कागद आज रद्द आहे, पण त्यातले 32 आणि 64 बिटचे कप्पे जसेच्या तसे आहेत. 1985 च्या नियमानं लिहिलेली फाईल आजच्या मशीनवर तेच आकडे देते, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ ह्यांची उत्तरं शेवटच्या बिटापर्यंत तीच.

जिथं 1985 च्या नियमानं जागा मोकळी सोडली होती तिथं मात्र त्रास झाला. शांत नॅन कोणता आणि ओरडणारा कोणता हे कुठल्या बिटवर ओळखायचं ते तेव्हा लिहिलंच नव्हतं. बहुतेकांनी एक पद्धत धरली, मिप्सच्या चिपांनी बरोबर उलटी. 2008 मधे बहुतेकांची पद्धत सुचवली गेली आणि मग मिप्सवाल्यांना जुनी चाल आणि 2008 ची चाल अशा दोन्ही सांभाळत बसावं लागलं, कंपायलरला (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) वेगळं सांगावं लागायचं कुठली पाहिजे. नियमात जे लिहिलं ते टिकलं, जे लिहायचं राहिलं ते निस्तरायला वर्षं गेली.

आणि एक सांगायला पाहिजे, एकच नियम पाळणाऱ्या दोन मशीनवरसुद्धा एकाच प्रोग्रॅमचं उत्तर शेवटच्या आकड्यात वेगळं येऊ शकतं. एकानं गुणाकार-बेरीज एका दमात केली आणि दुसऱ्यानं दोन पायऱ्यांत, तर राउंडिंग एकदा आणि दोनदा असा फरक पडतो. दोन्ही नियमातच आहेत. फरक आला म्हणून लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

पैशासाठी सरळ दशांशच का वापरत नाहीत?

वापरतात की. 2008 च्या नियमात 10 च्या पटीतले प्रकार आले ते ह्याचसाठी, त्यात 0.1 म्हणजे खरोखर 0.1. आयबीएमनं 2007 मधे पॉवर6 चिपमधे हे थेट बसवलं होतं. पण आत बिट कसे मांडायचे ह्यावर आयबीएम आणि इंटेलचं एकमत झालं नाही, आयबीएमची मांडणी चिपला सोपी, इंटेलची सॉफ्टवेअरला सोपी, आणि शेवटी नियमात दोन्ही मांडण्या ठेवल्या. मला ही तडजोड पटत नाही. दोन पद्धती मान्य करणारा नियम कोणालाच पुढं रेटता येत नाही, आणि झालंही तसंच, आपल्या टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरच्या चिपांत दशांश अजून आलेला नाही.

म्हणून व्यवहारात लोक सॉफ्टवेअरमधेच दशांश करतात. डेटाबेसमधे डेसिमल नावाचा प्रकार असतो, पायथॉनमधे डेसिमल, जावात बिगडेसिमल. किंवा सगळी रक्कम पैशात धरायची, 1250 रुपये 50 पैसे म्हणजे 125050, पूर्णांक, विषय संपला. 64 बिट फ्लोटिंगसुद्धा 9,00,71,99,25,47,40,992 पर्यंतचे सगळे पूर्णांक तंतोतंत ठेवतो. डेसिमल थोडं स्लो पडतं, पण बिलिंगमधे तो वेग कोणाला जाणवत पण नाही.

इतक्या बारीक चुकीनं काय बिघडतंय?

एकदा झाली तर काही नाही. रोज झाली तर? कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारानं 1982 मधे 1000 वर एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्यानं मोजायचे, दिवसाला सुमारे 3 हजार वेळा, आणि दरवेळी तीन दशांशाच्या पुढचं राउंड न करता सरळ कापून टाकायचे. कापलं की कायम कमीच होतं. नोव्हेंबर 1983 मधे निर्देशांक 524.811 वर आला होता, नीट मोजला तेव्हा 1098.892 निघाला. बाजार वर चाललेला आणि आकडा निम्म्यावर!

1991 मधे सौदी अरेबियात दहरानला अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारं क्षेपणास्त्र पकडू शकली नाही, 28 सैनिक गेले. ते फ्लोटिंग पॉईंट नव्हतं, 24 बिटमधे ठेवलेला वेळ होता, पण मूळ तेच 0.1. एक दशांश सेकंद बायनरीत कापून ठेवलेला, यंत्रणा 100 तास सलग चालू, चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली, आणि तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरच्या वर पुढं गेलं होतं.

सोलापूरच्या बिलाचं बघू. तीन ओळी आहेत, प्रत्येकी 33.33 रुपये, जीएसटी 5 टक्के. ओळीओळीला कर काढला तर 1.6665, राउंड करून 1.67, तीन वेळा म्हणजे 5.01. टोटलवर काढला तर 99.99 चे 5 टक्के, 5.00. एक पैसा इथनं येतो! ह्यात चिपचा काही दोष नाही, कुठं राउंड करायचं हे ठरवलेलं नसतं.

दुसरी भानगड राउंड कसं करायचं ह्याची. 754 मधे सगळीकडं वापरली जाणारी पद्धत अशी की बरोबर मध्यावर आलं तर सम आकड्याकडं जायचं, 2.5 चा 2 आणि 3.5 चा 4, म्हणजे लाखो आकड्यांत चूक एकाच बाजूला साठत नाही. पायथॉनमधे राउंड केलं तर हेच होतं. पण केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 170 म्हणतं की 50 पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरा. म्हणजे कर 2 रुपये 50 पैसे आला तर कायद्यानं 3, पायथॉननं 2. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण रिटर्न कायद्यानं भरायचं असतं. त्यात भर म्हणजे 2.675 असा आकडा दोन दशांशाला राउंड केला की पायथॉन 2.67 देतो, कारण आत तो साठलेलाच असतो 2.67499999 असा. आपल्याला मध्य वाटतो तो मशीनला मध्य नसतोच.

एआयवाल्यांनी परत वेगवेगळे काटे का काढले?

कारण त्यांना अचूकपणा कमी चालतो आणि आकडे मात्र अब्जावधी लागतात. गूगलनं 16 बिटचा बीएफ16 काढला, त्यात टप्प्याला 32 बिटसारखेच 8 बिट, पण आकड्यांना फक्त 7. 754 मधला 16 बिटचा प्रकार होताच, तरी वेगळा काढला, कारण एआय शिकवताना आकडे फार लहान-मोठे होतात आणि 754 च्या 16 बिटमधे तेवढी झेप नाही. 2022 मधे एनव्हिडिया, आर्म आणि इंटेल ह्यांनी मिळून एफपी8 मांडला, त्याचेही दोन प्रकार. एकात मोठ्यात मोठा आकडा 448, दुसऱ्यात 57,344. 2023 मधे ओपन कॉम्प्युट प्रोजेक्टनं अजून लहान प्रकारांची मांडणी प्रसिद्ध केली.

त्यातला एफपी4 किती लहान आहे बघा. 4 बिट, म्हणजे सगळे मिळून 16 नमुने. त्यात लिहिता येणारे आकडे एवढेच, 0, 0.5, 1, 1.5, 2, 3, 4, 6 आणि हेच उणे. संपलं. 5 पाहिजे तर नाही, 4 घ्या नाहीतर 6. हे चालतं कारण 32 आकड्यांच्या एका गटाला मिळून एक वेगळा गुणक ठेवतात, आणि एआयमधे एकेका आकड्याला महत्त्व नसतं, सगळ्यांची मिळून दिशा बरोबर असली की पुरतं.

मला ह्यात काही वावगं दिसत नाही, काम तसा काटा. पण दोन गोष्टी खटकतात. एक, एफपी4 मधला वेग आणि 64 बिटमधला वेग शेजारी शेजारी छापतात. जगातल्या सुपरकॉम्प्युटरची टॉप 500 यादी 64 बिटवर मोजलेली असते, एआय चिपची जाहिरात 4 बिटवर. ह्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही, आणि सरकारी पैशानं खरेदी होते तिथं तरी हे विचारलं गेलं पाहिजे. दुसरं, परत 1985 च्या आधीसारखं व्हायला लागलंय, ह्या कंपनीच्या एफपी8 मधे अनंताला जागा नाही, त्या प्रकारात आहे, नॅन इथं एक तिथं अनेक. आयईईईनं एआयच्या छोट्या आकड्यांसाठी पी3109 नावाचा वेगळा गट बसवलाय. त्यांनी दशांशासारखी दोन्हीला मान्यता देऊन सुटका करून घेऊ नये एवढीच माझी मनापासून इच्छा आहे.

सोलापुरात बसून ह्याचं काय करायचं

एक्सेलमधे बँक खात्याचे नंबर भरत असाल, कामगारांच्या पगाराची यादी बँकेला पाठवायची म्हणून, तर कॉलम आधी टेक्स्ट करा, मग नंबर टाका. 16 आकडी खातं नंबर म्हणून टाकलं की एक्सेल 15 आकडे ठेवतो आणि शेवटचा शून्य करतो, 1234567890123456 चं 1234567890123450 होतं, आणि नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी गेलेला आकडा परत येत नाही. खातेनंबरवर बेरीज-वजाबाकी करायची नसते, तो आकड्यांनी लिहिलेलं नाव आहे असं धरा.

सॉफ्टवेअर बनवून घेत असाल तर बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. रक्कम कशात साठवताय, पैशात पूर्णांक की डेसिमल की फ्लोट? फ्लोट म्हणाला तर बदलायला सांगा. राउंड कुठं करताय, ओळीला की टोटलला? आणि अर्धा पैसा किंवा अर्धा रुपया आला तर वर नेताय की समकडं? हे तिन्ही तुमच्या सीएला पण दाखवा, बिल छापायला सुरुवात व्हायच्या आधी, कारण चालू वर्षात मधेच राउंडिंगची पद्धत बदलली की आधीची बिलं आणि नंतरची बिलं रिटर्नमधे जुळवताना मार्चमधे रात्री जागाव्या लागतात.